पुढचा ब्रेक, एबीएस आणि आपला हात

जून २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एक मसुदा काढला: १ जानेवारी २०२६ पासून बनणाऱ्या जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था, बसवावं, आणि गाडीसोबत दोन हेल्मेट द्यावीत. त्याआधीचा नियम असा होता की एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस आणि त्याखालच्या गाडीला निदान सीबीएस, म्हणजे एकाच दाबाने दोन्ही चाकांना ब्रेक लावणारी साधी सोय, हवं. मसुदा आला आणि कट्ट्यावर दोन तट पडले. एक म्हणतो, 'आता गाडी घसरायचा प्रश्नच नाही.' दुसरा म्हणतो, 'वीस वर्षं बिनएबीएसची चालवली, हाताला सगळं कळतं.'

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटते. दीडशे-एकशेसाठ सीसीच्या पुष्कळ गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असतं. आणि आपल्याकडे पुढचा ब्रेक न वापरणारे चालक गल्लोगल्ली सापडतील. म्हणजे यंत्र एका चाकावर पहारा देतंय आणि पाय दाबतोय दुसऱ्याच चाकाचा ब्रेक.

विषय साधा नाही, आणि हलकाही नाही. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

चाक लॉक होतं म्हणजे काय होतं

लोखंडी कपाट सरकवून पाहा. जागचं हलवायला जीव काढावा लागतो, पण एकदा सरकायला लागलं की कमी जोरात पुढे जातं. टायर आणि डांबराचंही तसंच आहे. चाक फिरत असताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो क्षणभर जागेवर चिकटून असतो, आणि ही पकड सर्वात घट्ट. ब्रेक इतका करकचून दाबला की चाक फिरायचंच थांबलं, तर टायर रस्त्यावर घासत जातो. हेच लॉक होणं. पकड कमी होते आणि गाडी जास्त लांब जाते.

पण खरी भीती थांबण्याच्या अंतराची नाही, पडण्याची आहे. तळहातावर काठी उभी तोलताना काठी जिकडे कलते तिकडे आपण हात नेतो. दुचाकीचा तोल असाच सांभाळला जातो: गाडी जिकडे कलेल तिकडे पुढचं चाक बारीक वळत राहतं आणि गाडीला पुन्हा खालून आधार देतं. आपल्या लक्षातही येत नाही. पुढचं चाक लॉक झालं की वळवूनही ते तिकडे जात नाही, नुसतं घसरतं. तळहात बांधून ठेवल्यासारखं. मग काठी पडायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गाडीला लागतो.

मागचं चाक लॉक झालं तर गाडी लगेच पडत नाही, शेपूट हलवते. पुष्कळदा सावरता येतं. या एका अनुभवावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिकवण दिली जाते: 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, पलटी खाशील.'

मग मागचाच ब्रेक बरा की

एसटीत उभ्याने प्रवास करताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे पुढे झुकतात. गाडीचं वजनही तसंच पुढे जातं. गाडी आणि चालवणारा मिळून २०० किलो धरा. उभ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकावर साधारण ९० किलो, मागच्यावर ११०. जोरात ब्रेक लागला की हा हिशोब पुढे १६० आणि मागे ४० च्या आसपास जातो. ज्या टायरवर चाळीसच किलो उरले तो रस्ता किती धरणार? म्हणून मागचा ब्रेक एकटा दाबला की चाक लवकर लॉक होतं आणि गाडी थांबत मात्र नाही. स्कूटरचं इंजिन मागे असतं, त्यामुळे तिच्या मागच्या चाकाला थोडं जास्त काम करता येतं, पण मोठा वाटा पुढच्याचाच.

आकड्यांत पाहू. कोरडं डांबर, बरे टायर, ताशी ६० किलोमीटर. दोन्ही ब्रेक नीट लावले तर ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत गाडी थांबते. फक्त मागचा लावला तर ४० मीटरांच्या पुढे जाते. हे दुप्पट अंतर ऐकायला एवढं भयंकर वाटत नाही, म्हणून दुसऱ्या बाजूने बघा: दोन गाड्या शेजारून निघाल्या, एकाच क्षणी ब्रेक लागले. पहिली जिथे उभी राहिली तिथून दुसरी अजून ताशी चाळीसच्या वर वेगाने पुढे जात असते. समोर ट्रॅक्टरची ट्रॉली असेल तर त्या चाळीसनेच आदळायचं.

यात ब्रेककडे हात जायच्या आधीचा वेळ धरलेला नाही. साठच्या वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर जाते. मोबाइलचा आवाज आला म्हणून सेकंदभर लक्ष उडालं, तर गाडी थांबायला जेवढा रस्ता लागतो जवळपास तेवढा तिथेच संपला. तो परत मिळवून देणारं कुठलंही यंत्र बाजारात नाही.

एबीएस नेमकं करतं काय

एबीएस म्हणजे अँटिलॉक ब्रेकिंग सिस्टीम, चाक लॉक होऊ न देणारी ब्रेकची व्यवस्था. चाकाच्या मधोमध, डिस्कजवळ, भोकं किंवा दाते असलेली एक पातळ रिंग दिसेल. शेजारच्या सेन्सरसमोरून ते दाते किती भराभर जातात यावरून चाकाचा वेग मोजला जातो. गाडी कितीही चांगली असली तरी एका मर्यादेपलीकडे झपकन हळू होऊ शकत नाही. चाक मात्र लॉक होताना एकदम मंदावतं. हे दिसलं की एबीएसचं युनिट ब्रेक ऑइलच्या वाटेवरची झडप बंद करतं, थोडा दाब सोडतं, चाक पुन्हा फिरायला लागलं की दाब परत देतं. सेकंदाला अनेक वेळा. लिव्हर थरथरते किंवा पायाला धक्के बसतात ते याचेच.

बैल उधळला की जुना गाडीवान कासरा एकदम ओढून धरत नाही; ओढतो, किंचित सैल सोडतो, पुन्हा ओढतो. एबीएस तेच करतं, फक्त माणसाच्या हाताला न झेपणाऱ्या वेगाने.

आता ते काय करत नाही तेही नोंदवून ठेवू. एबीएस स्वतःहून ब्रेक लावत नाही. तुम्ही अर्धाच ब्रेक दाबला तर अर्धाच लागतो. टायर गोटा झालेला असेल तर त्याला पकड आणून देत नाही. शोरूममध्ये 'एबीएसची गाडी लवकर थांबते' असं सांगतात तेव्हा त्यात 'ओल्या रस्त्यावर, घाबरून ब्रेक मारल्यावर' हे शब्द गाळलेले असतात.

स्टिकर नीट वाचा

सिंगल चॅनल म्हणजे एबीएस फक्त पुढच्या चाकाला. ड्युअल चॅनल म्हणजे दोन्हींना. सिंगल चॅनलच्या गाडीचं मागचं चाक पूर्वीसारखंच लॉक होतं, आणि पुढचा ब्रेक न दाबणाऱ्याच्या हयातीत ते एबीएस एकदाही कामाला येत नाही.

सीबीएस ही वेगळी चीज आहे. स्कूटरची डावी लिव्हर दाबली की मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागतो. मोटारसायकलवर मागच्या पॅडलने तेच होतं. होंडा त्याला कॉम्बी ब्रेक म्हणते, टीव्हीएस एसबीटी, हिरो आयबीएस. त्यातल्या 'आयबीएस'ला लोक 'एबीएस' समजून बसतात. सीबीएसमध्ये बहुतेकदा नुसती केबल आणि एक दांडी असते. ब्रेक दोन चाकांत वाटला जातो, पण चाक लॉक होण्यापासून कोणी अडवत नाही. केबल सैल झाली तर पुढचा वाटा गुपचूप बंद पडतो आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तपासणं सोपं आहे: गाडी मेन स्टँडवर लावा, कोणाला तरी मागून सीट खाली दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल. ते हाताने फिरवा आणि फक्त डावी लिव्हर दाबा. पुढचं चाक अडलं नाही तर केबल ताणून घ्यायची वेळ झाली.

ट्रॅक्शन कंट्रोल या दोन्हींहून निराळं. ते ब्रेकच्या वेळचं नाही, रेस पिळतानाचं आहे. मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर इंजिनचा जोर कमी करतं. ओल्या पेव्हर ब्लॉकवर उपयोगी, बाकी रोजच्या वापरात त्याची आठवणही येत नाही.

'पट्टीचा चालवणारा एबीएसच्या आधी थांबतो'

थांबतो, हे खरं आहे. कोरडं स्वच्छ डांबर, ब्रेक कुठे लावायचा ते आधी ठरलेलं, पाचवी-सहावी खेप; अशा वेळी सरावलेला हात पुढचं चाक लॉक होण्याच्या अगदी काठावर धरून ठेवतो आणि साध्या एबीएसला मागे टाकू शकतो. पण रस्त्यावर पहिलीच खेप असते. दुधाच्या गाडीमागून पोर धावत येतं, त्याच वेळी चाकाखाली झेब्रा क्रॉसिंगचा ओला पांढरा पट्टा असतो. पकड कुठे किती आहे ते हाताला आधी कळायला हवं, आणि कळतं ते घसरल्यावर.

अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग-सुरक्षा संस्था आहे. तिने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटारसायकलींची तुलना केली. एबीएसवाल्या गाड्यांत जीवघेण्या अपघातांचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या मोठ्या गाड्यांचा हा आकडा आपल्या ११० सीसीला जसाच्या तसा चिकटवू नये. तरी दिशा कळते.

माझ्या मते एबीएसचा मोठा फायदा वेगळाच आहे, आणि तो माहितीपत्रकात छापत नाहीत. पुढचा ब्रेक जोरात दाबायची भीती ते काढून टाकतं. बिनएबीएसच्या गाडीवर कौशल्य म्हणजे जास्त न दाबणं. एबीएसच्या गाडीवर चूक होते ती कमी दाबण्याची: लिव्हर थरथरली की माणूस दचकून ब्रेक सोडतो, आणि नेमक्या त्याच क्षणी तो सोडायचा नसतो.

घाटात काय

टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. वळण घेणं हे घरभाडं, ब्रेक हा किराणा. दोन्ही त्याच पगारातून. गंमत अशी की हिशोब सरळ वजाबाकीचा नाही. वळणात ७० टक्के पकड खर्च झाली तरी ब्रेकसाठी जवळपास ७० टक्के उरते. ९० टक्के गेली तर मात्र ४४ च्या आसपास, आणि १०० गेली की शून्य. म्हणजे हळू वळणात ब्रेकला भरपूर वाव असतो, पण गाडी जास्त वाकली की तो झपाट्याने संपतो. ओल्या रस्त्यावर पगारच अर्ध्यावर येतो.

साधं एबीएस गाडी सरळ उभी आहे असं धरूनच चालतं. वाकलेल्या गाडीवर ते दाब सोडेपर्यंत पुढचं चाक बाजूला सरकलेलं असू शकतं. गाडी किती कलली आहे ते मोजून त्याप्रमाणे ब्रेक लावू देणारं कॉर्नरिंग एबीएस केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरसारख्या गाड्यांत मिळतं, आणि ती चाकणलाच बनते. पण त्यालाही पगार वाढवता येत नाही. आंबोलीत किंवा ताम्हिणीत वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना वेग कमी करणं याला पर्याय नाही. वळणात मधेच थांबायची वेळ आलीच तर आधी गाडी शक्य तेवढी उभी करा आणि ती जसजशी उभी होईल तसतसा ब्रेक वाढवा.

खडी, चिखल आणि खड्डे

इथे एबीएसच्या विरोधकांचं म्हणणं बरोबर आहे. सुट्या खडीवर लॉक झालेलं चाक आपल्यासमोर खडीचा ढीग जमवतं आणि त्यात रुतून थांबतं. एबीएस चाक फिरतं ठेवतं, त्यामुळे अंतर वाढतं. म्हणूनच रॉयल एनफिल्डच्या हिमालयनसारख्या गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आहे. डांबरावर परत आल्यावर ते चालू झालंय का तेवढं बघा.

खडबडीत रस्त्यावर आणखी एक प्रकार होतो. ब्रेक दाबलेला असताना चाक खड्ड्याच्या कडेवरून उडतं, हवेत लगेच थांबतं, एबीएसला वाटतं घसरलं, ते दाब सोडतं. क्षणभर 'ब्रेक गेला' असं वाटतं. गेलेला नसतो, लिव्हर दाबूनच ठेवा. गतिरोधकाच्या आधी ब्रेक संपवायचा आणि वर चढताना सोडायचा ही सवय असली की हे टळतं.

'अशाने लोक जास्तच बेफाम होतील'

ही शंका निराधार नाही. १९८० च्या दशकात जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर असा प्रयोग झाला. काही टॅक्सींना एबीएस, काहींना नाही. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झाले नाहीत. ते चालक पुढच्या गाडीला जास्त चिकटून आणि जास्त आक्रमक चालवू लागले होते. दुचाकीवर फरक एवढाच की इथे चाक लॉक होणं म्हणजे बहुधा अंगावर पडणं, त्यामुळे धाक पुरता जात नाही. तरी एबीएस आहे म्हणून अंतर कमी ठेवणारा माणूस त्याचा सगळा फायदा खर्च करून बसतो.

एबीएसने गाडी महागते ही तक्रारही खरी. ड्रम ब्रेकच्या स्कूटरला नुसतं युनिट जोडून भागत नाही. डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, वेगळा हब, सगळं आलं. म्हणूनच जुन्या गाडीला एबीएस बाहेरून बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

हात तयार कसा करायचा

लायसन्सच्या परीक्षेला आपण आठ काढतो तो चालण्याच्या वेगात. साठवरून थांबायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा येते ती थेट अपघाताच्या तोंडावर. अर्ध्या तासाचा सराव पुरतो, पण जागा नीट हवी: रहदारी नसलेलं, कोरडं, खडी झाडलेलं डांबरी मैदान. हेल्मेट, हातमोजे, पूर्ण बूट. हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरलेली. आधी दहा मिनिटं चालवून टायर गरम करा. डबलसीट नको.

खडूने एक रेघ मारा. २० च्या वेगात रेघेवर आल्यावर दोन्ही ब्रेक हलके लावून थांबा, पाच वेळा. मग ३० ने, मग ४० ने. पुढची लिव्हर झडप घातल्यासारखी ओढायची नाही. आधी थोडी दाबा, पुढचे शॉकअप बसल्याचं जाणवेल, वजन पुढे आलं की मग जोर वाढवा. हे सगळं 'एक-दोन' म्हणण्याइतक्या वेळात. नजर लांब; चाकाकडे बघाल तर गाडी वाकडी जाते. गुडघ्यांनी टाकी धरा म्हणजे अंगाचा भार हँडलवर येणार नाही. स्कूटरवर तळपाय पुढे रेटा. क्लच शेवटी. चाळीसवरून ९-१० मीटरांत थांबता आलं तर हात बरा बसला.

बिनएबीएसच्या गाडीवर पुढचं चाक सरकल्याचं जाणवलं, हँडल एकदम हलकं लागलं, तर लिव्हर त्याच क्षणी सोडून पुन्हा अलगद दाबा. मागचं चाक लॉक होऊन शेपूट बाजूला गेली असेल तर उलटं: पॅडल झटक्यात सोडू नका. चाकाला अचानक पकड मिळाली तर गाडी दुसऱ्या बाजूला उसळून चालवणाऱ्याला वर फेकते.

एबीएसची गाडी असेल तर ती थरथर मुद्दाम अनुभवा. ड्युअल चॅनलवर सरळ रेषेत तिशीच्या वेगात मागचं पॅडल पूर्ण दाबा आणि धक्के बसत असताना दाबूनच ठेवा. पायाला ते ओळखीचं झालं की पुढच्या लिव्हरशी, क्रमाक्रमाने.

पिवळा दिवा

चावी फिरवली की एबीएसचा दिवा पेटतो आणि गाडी ताशी ५-१० च्या वेगाने चालायला लागली की विझतो. पेटूनच राहिला तर साधे ब्रेक लागतात, एबीएस मात्र बंद आहे. बऱ्याचदा कारण किरकोळ असतं: पंक्चर काढताना चाक उतरवलं आणि दात्यांची रिंग वाकली, सेन्सरची वायर दबली, रिंगेत चिखल भरला, फ्यूज गेला, बॅटरी उतरली. ड्युअल चॅनलच्या गाडीला भलत्याच मापाचा टायर बसवला तरी दोन चाकांच्या वेगाचा मेळ बसत नाही. चाक उतरवताना पंक्चरवाल्याच्या शेजारी उभं राहावं, हे उत्तम.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी धरलेलं मात्र १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. लांबच्या उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की ती वेळ येते, ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजासारखी हँडलला टेकते. उतारावर गिअर खाली ठेवा. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांत ती काढायला कंपनीचं मशीन लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ऑइल बदलणार असाल तर ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, एवढं फिटरला बजावा.

आणि सेकंडहँड गाडी घेताना चावी फिरवल्यावर तो दिवा पेटतोय का ते आधी बघा. मुळात पेटतच नसेल, तर बिघाड लपवायला कोणीतरी वायर काढून ठेवली असण्याची दाट शक्यता आहे.